व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह, टीपीएचए निगेटिव्ह: दोनपैकी चुकलं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नी पहिलटकरीण, चौथा महिना. तालुक्याच्या ठिकाणी नाव नोंदवताना नेहमीच्या रक्ततपासण्या झाल्या, त्यांत व्हीडीआरएल (सिफिलिस या आजारासाठीची रक्तचाचणी) 'रिअ‍ॅक्टिव्ह १:४' आली, म्हणजे चाचणी लागली. घाबरून जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या लॅबमध्ये टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी चाचणी केली, ती निगेटिव्ह निघाली. नवऱ्याची व्हीडीआरएल नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. डॉक्टर म्हणाले, दोघांनी पेनिसिलिन घेऊन टाका. मोबाइलवर शोधलं तेव्हा 'लैंगिक संबंधातून होणारा आजार' एवढंच दिसलं, आणि तेव्हापासून घरात दोघांचं बोलणं तुटलंय. नवरा विचारतोय: दोनपैकी कुठली लॅब चुकली?

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे. बावीस वर्षं याच चाचण्या करत आणि वाचत आले आहे. आधी उत्तर देते, कारणं नंतर. दोन्ही लॅब बरोबर असू शकतात, आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून तीच शक्यता सगळ्यात जास्त आहे. तुमच्या पत्नीला सिफिलिस नसण्याची शक्यता, असण्यापेक्षा बरीच मोठी आहे. तरीही डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं ते वेडेपणाचं नाही. आणि १:४ या आकड्यावरून नवरा-बायकोपैकी कुणाच्याही वागण्याबद्दल काहीही ठरत नाही. हे शेवटचं वाक्य आधी पत्नीला वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

सिफिलिस, म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं ज्याला गरमी म्हणत आणि वैद्यकाच्या पुस्तकांत ज्याला उपदंश म्हणतात, तो ट्रेपोनेमा पॅलिडम नावाच्या मळसूत्रासारख्या जिवाणूमुळे होतो. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी तो पहिल्यांदा पाहिला. हा जिवाणू लॅबच्या साध्या माध्यमावर वाढत नाही. टायफॉइडचा जंतू जसा रक्त कल्चरला लावून दोन-तीन दिवसांत हाती येतो, तसं इथे होत नाही. म्हणून शंभरहून जास्त वर्षं आपण जंतू शोधण्याऐवजी जंतूविरुद्ध शरीरानं काय तयार केलं ते शोधतो आहोत, म्हणजे प्रतिपिंडं. सगळा घोळ आणि सगळी उपयुक्तता इथूनच सुरू होते. प्रतिपिंडं म्हणजे शरीराची आठवण. एखाद्या गोष्टीची आठवण आहे म्हणून ती आत्ता चालू आहे असं होत नाही, आणि कधीकधी शरीराला भलत्याच गोष्टीची आठवण असते.

या चाचण्यांची दोन घराणी आहेत. व्हीडीआरएल आणि आरपीआर हे एक घराणं. टीपीएचए, टीपीपीए, एलायझा, क्लिया (मशीनवर होणारी चाचणी) आणि रॅपिड कार्ड हे दुसरं.

पहिल्या घराण्याची कहाणी विलक्षण आहे. १९०६ मध्ये वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिफिलिसची पहिली रक्तचाचणी काढली. सिफिलिसनं दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क ते वापरत. त्या यकृतात जंतू खच्चून भरलेले असतात, तेव्हा रुग्णाचं रक्त त्या जंतूंना ओळखत असणार, असा त्यांचा हिशोब होता. थोड्याच दिवसांत दिसलं की निरोगी अवयवाचा अर्क घेतला तरी चाचणी तशीच लागते! रक्त जंतूला ओळखतच नव्हतं. ते ओळखत होतं एका स्निग्ध पदार्थाला. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी तो बैलाच्या हृदयातून वेगळा काढला आणि त्याला कार्डिओलिपिन हे नाव मिळालं. आपल्या पेशींमधल्या मायटोकाँड्रियातही हाच पदार्थ असतो. सिफिलिसमध्ये पेशी फुटतात, जंतूच्या अंगावरही तशी स्निग्ध द्रव्यं असतात, आणि शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. १९४६ मध्ये अमेरिकेच्या व्हेनेरिअल डिसीज रिसर्च लॅबोरेटरीत कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल ठरावीक प्रमाणात मिसळून काचपट्टीवर करायची सोपी चाचणी बसवली गेली. त्या लॅबचीच आद्याक्षरं म्हणजे व्हीडीआरएल. त्या नावात ना जंतू आहे, ना सिफिलिस.

ही चाचणी प्रत्यक्षात कशी होते ते सांगते, म्हणजे १:४ चा अर्थ कळेल. रक्त गोठलं की वरचा पिवळसर सीरम वेगळा काढायचा आणि ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचा. काचपट्टीवर गोल खोलगट घरं असतात, त्यांत सीरमचा थेंब आणि त्यावर अँटिजेनचा, म्हणजे त्या कार्डिओलिपिनच्या मिश्रणाचा, एक बारीक थेंब. पट्टी रोटेटरवर ठेवायची, मिनिटाला १८० फेरे, चार मिनिटं. मग लगेच मायक्रोस्कोपखाली. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर बारीक सुयांसारखे कण सगळीकडे सारखे पसरलेले दिसतात, जणू पाण्यात भुसा. रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर कण एकमेकांना धरून पुंजके करतात आणि मधली जागा मोकळी होते. खोली फार गार किंवा फार गरम असेल तर निकाल हलतो. अँटिजेन सकाळी तयार केलं की त्याच दिवशी वापरायचं. मे महिन्यात वीज गेलेल्या खोलीत केलेल्या व्हीडीआरएलवर मी विश्वास ठेवत नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही ठेवू देत नाही.

पुंजके दिसले की सीरम पातळ करत जायचं. एकास दोन, एकास चार, एकास आठ. ज्या शेवटच्या पायरीपर्यंत पुंजके टिकतात तो आकडा रिपोर्टवर जातो. लॅबमध्ये आम्ही 'वन इज टू फोर' म्हणतो. म्हणजे तुमच्या पत्नीचं सीरम चारपट पातळ केलं तोवर पुंजके दिसले, आठपट केल्यावर गेले. दुसऱ्या अवस्थेतल्या सिफिलिसमध्ये, म्हणजे तळहात-तळपायांवर पुरळ उठतं तेव्हा, हा आकडा सहसा ३२, ६४, १२८ असा असतो. १:४ म्हणजे कुजबुज. ती जुन्या, बऱ्या झालेल्या सिफिलिसची असू शकते, फार कोवळ्या सिफिलिसची असू शकते, आणि सिफिलिसशी काडीचा संबंध नसलेलीही असू शकते.

आकडा मोठा असला तर निकाल उलटा फसवू शकतो, आणि ही गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकले. शिकाऊ डॉक्टर असताना एका तरुणाचं सीरम माझ्याकडे आलं. पातळ न करता लावलं, कण बऱ्यापैकी सुटे दिसले, मी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह लिहिलं. दुपारी त्वचारोगाच्या मॅडमचा फोन आला: "मुलाच्या तळहातांवर पुरळ आहे, तोंडात पांढरे चट्टे आहेत, आणि तू नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह म्हणतेस? सीरम पातळ करून बघ." पातळ केलं, आणि १:१२८ पर्यंत पुंजके! प्रतिपिंडं इतकी जास्त होती की जाळं विणलंच जात नव्हतं. याला प्रोझोन म्हणतात. तेव्हापासून फॉर्मवर 'अंगावर पुरळ' किंवा 'गरोदर, सोनोग्राफीत बाळात दोष' असं काही लिहिलेलं दिसलं की मी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह नमुनाही पातळ करून पाहते. फॉर्मवर काहीच लिहिलेलं नसेल तर मला ते सुचणारही नाही. रक्त पाठवणाऱ्या डॉक्टरांनी दोन ओळी लिहाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती त्यासाठीच असते.

आता दुसरं घराणं. टीपीएचएमध्ये मेंढीच्या किंवा पक्ष्याच्या लाल पेशींवर खऱ्या ट्रेपोनेमाचे अंश चिकटवलेले असतात. १९१२ साली एका रुग्णाच्या मेंदूभोवतीच्या द्रवातून मिळवलेला निकोल्स नावाचा वाण सशांच्या वृषणांत वाढवून जगभर वापरला जातो, त्याचे हे अंश. तळ गोल असलेल्या बारीक वाट्यांच्या प्लेटमध्ये सीरम आणि पेशी मिसळून न हलवता ठेवायच्या. तासाभरानं पाहिलं तर निगेटिव्ह वाटीच्या तळाशी पेशी घसरून मधोमध एक घट्ट लाल ठिपका होतो, शर्टाच्या बटणासारखा. पॉझिटिव्ह वाटीत प्रतिपिंडांनी पेशींना धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे त्या घसरत नाहीत, तळभर गालिचा अंथरल्यासारख्या पसरतात. शेजारच्या वाटीत ट्रेपोनेमा न चिकटवलेल्या नुसत्या पेशी असतात. तिथेही गालिचा दिसला तर निकाल द्यायचा नाही, कारण ते रक्त मेंढीच्या पेशींनाच धरतंय, जंतूला नाही.

हे घराणं जंतूला ओळखतं, म्हणून जास्त नेमकं. पण त्याला विसरणं जमत नाही. एकदा सिफिलिस झाला की उपचार उत्तम झाले तरी बहुतेकांची टीपीएचए जन्मभर पॉझिटिव्ह राहते. अगदी सुरुवातीच्या अवस्थेत उपचार मिळालेल्या थोड्या लोकांचीच पुढे निगेटिव्ह होते. कोकणातला एक वेल्डर माझ्याकडे आला होता. आखातात नोकरी ठरलेली, तिकडे जाण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत टीपीएचए पॉझिटिव्ह निघाली. आठ वर्षांपूर्वी मुंबईत त्यानं रीतसर उपचार घेतले होते, व्हीडीआरएल तेव्हाच उतरून नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह झाली होती. तो रडत विचारत होता, "मॅडम, अजून किती इंजेक्शनं घेऊ म्हणजे हे जाईल?" कितीही घेतली तरी जाणार नव्हतं, आणि एकही घेण्याची गरज नव्हती. जुना केसपेपर त्यानं आईच्या ट्रंकेत जपून ठेवला होता. मी त्याला तेव्हाचे आणि आताचे आकडे एका कागदावर मांडून सही करून दिली. नियम बनवणाऱ्यांना तो कागद पटला का, ते त्यांच्या हातात. पण आणखी एका दवाखान्यात आणखी तीन इंजेक्शनं टोचून घेण्यापासून तो वाचला.

तर तुमचा प्रश्न. व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आणि टीपीएचए निगेटिव्ह, हे जोडून वाचायचं. शरीर कार्डिओलिपिनला ओळखतंय, ट्रेपोनेमाला ओळखत नाही. याला जैविक खोटा रिअ‍ॅक्टिव्ह म्हणतात. 'खोटा' शब्दामुळे लोकांना वाटतं लॅबनं काहीतरी खोटं केलं. नाही हो. पुंजके खरेच दिसले, फक्त ते ट्रेपोनेमामुळे नव्हते. अशा वेळी आकडा बहुधा १:८ किंवा त्याखालीच असतो. कारणं बरीच: मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, विषाणूंचा ताप, अलीकडे घेतलेली लस, आणि नुसतं गरोदर असणंही. ही कारणं तात्पुरती, सहा महिन्यांच्या आत निकाल नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह होतो. पावसाळ्यात ताप येऊन गेलेल्या गरोदर बाईची १:२ व्हीडीआरएल मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता पहिला प्रश्न तापाबद्दलच विचारते. दीर्घकाळ टिकणारी कारणं वेगळी: कुष्ठरोगाचा जंतू-बहुल प्रकार, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), वाढतं वय. विदर्भातल्या काही भागांत काम करणाऱ्या सहकाऱ्यांना कुष्ठरोग आठवावाच लागतो.

आणि एक कारण असं आहे जे तुमच्यासाठी खास लिहिते. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि गर्भपात होतात, आणि व्हीडीआरएल खोटी रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडांचं भांडण शेवटी त्याच कार्डिओलिपिनच्या कुळाशी असतं. पहिलटकरणीच्या एका १:४ वरून लगेच या महागड्या तपासण्या करत सुटू नका. पण पत्नीच्या पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का, सांधे सुजतात का, उन्हात चेहऱ्यावर चट्टे उठतात का, आधी कधी दिवस राहून गेले होते का, हे डॉक्टरांना नक्की सांगा. व्हीडीआरएल खोटी म्हणून कागद फाडून टाकला आणि पुढे तीन गर्भपातांनंतर खरं कारण सापडलं, असं झालेलं मी पाहिलं आहे. तो कागद बाईच्या फाइलमध्ये राहिला असता तर दोन वर्षं वाचली असती.

उरतो कोवळ्या सिफिलिसचा प्रश्न. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी नवव्या दिवशी तर कधी नव्वदाव्या, न दुखणारी एक जखम होते. त्या वेळी कुठलीच चाचणी खात्रीची नसते. सुरुवातीच्या या अवस्थेत व्हीडीआरएलही आणि टीपीएचएही चारातल्या सुमारे एका रुग्णाला चुकवते. साधारणपणे दुसऱ्या घराण्यातल्या नव्या चाचण्या आधी पॉझिटिव्ह होतात, पण टीपीएचए जरा आळशी आहे. म्हणून 'व्हीडीआरएल लागली, टीपीएचए अजून लागायची आहे' ही शक्यता लहान असली तरी शून्य नाही. तिला संपवायचा मार्ग एकच: चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. खरा सिफिलिस असेल तर तोवर आकडा चढेल आणि टीपीएचए लागेल. नसेल तर आकडा तिथेच रेंगाळेल किंवा उतरेल, आणि टीपीएचए बटणच दाखवेल.

नवऱ्याची व्हीडीआरएल नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आहे हे दिलासा देणारं आहे, पण पुरेसं नाही. जुनाट सिफिलिसमध्ये व्हीडीआरएल आपोआप मावळलेली असू शकते. नवऱ्यानं टीपीएचए किंवा क्लिया करून घ्यावी. खर्च थोडा, उत्तर मोठं.

आता गणित, कारण 'चाचणी ९९ टक्के बरोबर असते' हे वाक्य ऐकून लोक जो अर्थ घेतात तो चुकीचा असतो. समजा १०,००० गरोदर बायका आहेत आणि त्यांत खरा सिफिलिस २० जणींना आहे. व्हीडीआरएलनं त्या विसाच्या वीस पकडल्या असं धरू. उरलेल्या ९,९८० पैकी एक टक्का जणींत ती खोटी लागली, म्हणजे साधारण १००. एकूण १२० रिअ‍ॅक्टिव्ह रिपोर्ट, त्यांतले १०० जण निरोगी. सहापैकी पाच! चाचणी ९९ टक्के बरोबर असूनही. आता हीच चाचणी गुप्तरोग विभागात करा, जिथे समजा १०,००० पैकी १,००० जणांना आजार आहे. खोटे ९०, खरे १,०००. तिथे रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे जवळजवळ नक्की आजार. चाचणी तीच, काचपट्टी तीच, पण कागदाचा अर्थ माणूस कुठून आला त्यावर बदलला.

त्या १२० जणींची टीपीएचए केली की चित्र साफ होतं. व्हीडीआरएल ज्या कारणानं फसते त्या कारणानं टीपीएचए फसत नाही, म्हणून १०० खोट्यांपैकी जेमतेम एखादी उरते. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा व्हीडीआरएल करून, किंवा व्हीडीआरएलनंतर आरपीआर करून, हे साधत नाही. मलेरियानं व्हीडीआरएल फसली तर आरपीआरही फसणार. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारल्यासारखं ते. तुम्ही टीपीएचए केलीत, नकळत का होईना, अगदी योग्य केलंत.

इथे एक इशारा. रिपोर्टवर मोठ्या अक्षरांत 'व्हीडीआरएल' लिहिलेलं असलं तरी खाली 'मेथड' या ओळीत काय आहे ते वाचा. कित्येक छोट्या लॅब बोटाएवढ्या रॅपिड कार्डवर चाचणी करतात आणि नाव सवयीनं व्हीडीआरएल देतात. ते कार्ड दुसऱ्या घराण्यातलं असतं, दोन लाल रेघा दाखवतं, आणि जुना आजार की नवा ते सांगू शकत नाही. त्यावर आकडा नसतो. तुमच्या रिपोर्टवर १:४ आहे, म्हणजे खरी व्हीडीआरएल किंवा आरपीआर झाली. नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेला, आकडा नसलेला व्हीडीआरएल रिपोर्ट घेऊन कुणी आलं तर मी उपचाराचा शब्द काढण्याआधी लॅबला फोन करते. मोठ्या शहरांतल्या मशीनवाल्या लॅब हल्ली उलट क्रमानं जातात: आधी क्लिया, ती लागली तर आरपीआर, दोघींचं जुळलं नाही तर टीपीपीए. तेही बरोबर आहे, फक्त तिथे खोटे निकाल वेगळ्या बाजूनं येतात.

मग डॉक्टरांनी इंजेक्शन का सुचवलं? कारण गरोदरपणात तराजूची दोन पारडी सारखी नाहीत. उपचार न झालेला सिफिलिस आईकडून बाळाला गेला तर बाळ पोटातच दगावू शकतं, अपुऱ्या दिवसांचं जन्मू शकतं, हाडं-डोळे-कान बिघडू शकतात. त्या बदल्यात बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन, दोन्ही कुल्ल्यांवर निम्मं-निम्मं. दुखतं, अ‍ॅलर्जीची खबरदारी घ्यावी लागते, पण बाळाला ते सुरक्षित आहे. जिथे दुसरी चाचणी त्याच दिवशी मिळत नाही, किंवा बाई पुन्हा येईल याची खात्री नाही, तिथे एका रिअ‍ॅक्टिव्ह चाचणीवर इंजेक्शन द्यावं हे सरकारी कार्यक्रमातलं धोरण योग्यच आहे. शंभर जणींना विनाकारण टोचलं गेलं तरी चालेल, एक बाळ जाता कामा नये, असा तो हिशोब आहे आणि मी त्याच्या बाजूनं आहे. तुमच्याकडे मात्र टीपीएचएचा निकाल हातात आहे आणि तुम्ही चार आठवड्यांनी नक्की परत येणार आहात. तेव्हा थांबून पुन्हा तपासणंही तितकंच शास्त्रशुद्ध आहे. दोन्हींपैकी काय करायचं ते पत्नीला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावं. कुठे जखम झाली होती का, अंगावर पुरळ उठलं होतं का, हे त्यांनाच पाहता-विचारता येईल. एकच गोष्ट ठामपणे सांगते: इंजेक्शनाऐवजी गोळ्या देतो असं कुणी म्हणालं तर गरोदरपणात मान्य करू नका. अ‍ॅझिथ्रोमायसिन बाळापर्यंत भरवशानं पोचत नाही आणि डॉक्सिसायक्लिन या काळात देत नाहीत. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर मोठ्या रुग्णालयात दाखल करून शरीराला हळूहळू पेनिसिलिनची सवय लावतात आणि मग पेनिसिलिनच देतात.

उपचार घेतलेच तर पुढचा हिशोब पहिल्या घराण्यावर चालतो. टीपीएचए पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नका, ती काही सांगणार नाही. व्हीडीआरएलचा आकडा दोन पायऱ्या उतरला, म्हणजे ३२ वरून ८ वर किंवा १६ वरून ४ वर आला, तर उपचार लागू पडला. एक पायरी वर-खाली हा हाताचा, डोळ्याचा, त्या दिवसाच्या अँटिजेनचा फरक असू शकतो. ४ वरून ८ झालं म्हणून मध्यरात्री फोन करणारे नातेवाईक मला माहीत आहेत. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. आणि व्हीडीआरएलची तुलना आरपीआरशी करायची नाही, आरपीआरचा आकडा बरेचदा थोडा वरचा येतो. तीच चाचणी, तीच लॅब.

याच निमित्तानं आणखी एका चाचणीबद्दल बोलते, कारण मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांच्या फायलींत ती हमखास असते. क्लॅमिडिया आयजीजी आणि आयजीएम. क्लॅमिडिया हाही लैंगिक संबंधातून पसरणारा जिवाणू, गर्भनलिका बंद करणारा. पण तो आत्ता शरीरात आहे की नाही हे रक्तातल्या प्रतिपिंडांवरून कळत नाही. आयजीजी वर्षानुवर्षं टिकतं. त्याचा एक चुलतभाऊ साध्या खोकल्या-न्यूमोनियाला कारण होतो आणि मोठेपणापर्यंत तो बहुतेकांना भेटून गेलेला असतो, त्याची प्रतिपिंडंही काही किटमध्ये लागतात. आयजीएमवर तर मी मुळीच विसंबत नाही. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणून नवरा-बायकोला तीन-तीन महिने अँटिबायोटिक दिलेली प्रिस्क्रिप्शनं मी पाहिली आहेत, आणि त्यावरून मोडायला आलेली लग्नंही. खरी तपासणी म्हणजे बाईच्या योनीमार्गाचा स्वॅब किंवा पुरुषाची लघवीची पहिली धार, आणि त्यावर जंतूचं जनुक शोधणारी पीसीआरसारखी चाचणी. परम्यासाठी, म्हणजे गनोरियासाठी, तर उपयोगाची रक्तचाचणीच नाही. स्राव काचपट्टीवर घेऊन रंगवून पाहा, कल्चर करा किंवा पीसीआर करा. सिफिलिसमध्ये आपण प्रतिपिंडांवर चालतो ते नाइलाजानं आणि शंभर वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर. तोच जोर दुसऱ्या आजाराला लागू होत नाही.

तर आता करायचं काय ते सांगते. आजचे तिन्ही कागद, दोघांचे मिळून, एका फाइलमध्ये लावा. चार आठवड्यांनी पत्नीची व्हीडीआरएल, आकड्यासह, पहिल्या लॅबमध्येच, आणि त्याच रक्तातून टीपीएचए किंवा क्लिया. फॉर्मवर लिहायला सांगा: गरोदर, किती आठवडे, आधीचा निकाल १:४, टीपीएचए निगेटिव्ह, मधल्या काळात ताप किंवा लस, आणि इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख. सातव्या-आठव्या महिन्यात एकदा पुन्हा. बाळंतपणाच्या वेळी व्हीडीआरएल अजून रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा. बाळाचं रक्त तपासायचं ठरलं तर ते बाळाच्या शिरेतून घ्यावं, नाळेतून नको. आणि बाळाची व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आली तर दचकू नका, आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात येतात आणि साधारण सहा महिन्यांत निघून जातात. बाळाचा आकडा आईच्या आकड्याच्या चौपट किंवा त्याहून जास्त असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या केंद्रात, या तपासण्या आणि समुपदेशन मोफत मिळतं, आणि १०९७ या क्रमांकावर फोन करून तुमच्या भागातलं केंद्र विचारता येतं. तिथे दोघांनी मिळून जा. आणि सासूबाई विचारतीलच, कारण गर्भारपणातलं प्रत्येक इंजेक्शन घरात विचारलं जातं, तर सांगा की तपासणीतला एक आकडा थोडा वर आला आहे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाहणार आहेत. ते खरंच आहे.